तर नाही

तिसऱ्यांदा टेप घरघरली, थांबली, आणि पडद्यावर पुन्हा तीच इंग्रजी ओळ उमटली.

"काय म्हणतंय ते?" शरयूबाईंनी विचारलं.

"टेप खराब आहे म्हणतंय."

"ते तसं म्हणतंय, की तू म्हणतेस?"

खरं म्हणजे यंत्र एवढंच म्हणत होतं, की टेपच्या सुरुवातीला मला अपेक्षित असलेली बेरीज जुळत नाही. टेप खराब आहे हा निष्कर्ष माझा. पण त्या वयात माझा निष्कर्ष आणि वस्तुस्थिती यांत मी फारसा फरक करत नसे. पंचविशीत होते, पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीने गळ्यात ओळखपत्र अडकवलं होतं, आणि दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी साताऱ्याच्या एस.टी.त बसले की वाटायचं, आपण एका मुलखाला शहाणं करायला निघालोय. नाकाने कांदे सोलायच्या स्पर्धा असत्या तर मी ढाल घेऊन आले असते.

साल चौऱ्याण्णव. शरयू परांजपे तिथल्या एका कॉलेजात भूगोल शिकवायच्या. भोवरी नदीवर धरण होणार हे नक्की झालं तेव्हा कुणी मोर्चे काढले, कुणी अर्ज केले. बाई वही घेऊन खोऱ्यात शिरल्या. त्यांना नावं हवी होती. गावांची नव्हेत, ती सरकारी कागदावर असतातच. त्यांना हवी होती वावरांची, झऱ्यांची, खडकांची, एकट्यादुकट्या झाडांची. आठ वर्षांत सहा हजार तीनशे बारा नावं जमली. प्रत्येक नावाची कॉम्प्युटरवर एक छोटी फाइल. जागा कुठली, सांगितलं कुणी, नाव का पडलं.

मग धरण भरलं. त्यालाही दोन पावसाळे उलटले होते. खोरं पाण्याखाली, माणसं तीन जिल्ह्यांत पांगलेली, सांगणारे निम्मे म्हातारे देवाघरी. मूळ कागदी चिठ्ठ्या आणि नोंदवही ज्या खोलीत होत्या तिच्या डोक्यावरची पाण्याची टाकी मध्यंतरी फुटली आणि सगळ्याचा लगदा झाला. "चला, तीही बुडली," एवढंच म्हणून बाई वर्गावर गेल्या होत्या म्हणे. कारण सगळं कॉम्प्युटरच्या डिस्कवर होतं.

ती डिस्क सोमवारी गेली.

"अजिबात काळजी करू नका," मी फोनवर सांगितलं होतं. "टेप आहेत ना."

टेप तीन होत्या. म्हणजे चौकोनी पुड्यातली कार्ट्रिज, साधारण शालेय कंपासपेटीएवढी. गुरुवारी सकाळी नवी डिस्क बसवून मी पहिली टेप लावली, ती वीस मिनिटांत सुरळीत उतरली आणि मी बाईंकडे असं पाहिलं, की जणू मीच ती नावं गोळा करून आणली होती. बाईंनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि यादी पाहायला लागल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "वरच्या वाड्या कुठं आहेत?"

"असतील की खाली कुठेतरी."

"वरच्या वाड्या खाली कशा असतील?"

मोजलं तर पाच हजार आठशे नव्वद. चारशे बावीस नावं गायब. दुसरी टेप लावली. नेमकी तीच चारशे बावीस गायब. गावं होती, गावठाणालगतच्या वाड्या होत्या, पण खोऱ्याच्या माथ्याकडच्या वाड्यांतली वावरं नि झरे नव्हते. कुणी वरून साय काढून न्यावी तसं झालं होतं. बाईंचा चहा समोर गार झाला होता आणि त्या बशीत बोटाने त्याच त्याच जागी गोल काढत होत्या. त्या वाड्यांना त्या तीन-तीन तास चालत गेल्या होत्या, आणि आता परत जायचं तर होडी लागली असती.

उरली तिसरी टेप. सगळ्यांत अलीकडची. ती येळवेमामांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी केलेली, आणि तीच वाचता येत नव्हती.

मामांबद्दल सांगायला हवं. श्रीपती येळवे, भूगोल विभागाचे शिपाई, सातवी पास. भोवरीच्या खोऱ्यातलेच, अगदी माथ्यावरच्या येळवेवाडीचे. बाईंना खोऱ्यात काठी टेकत फिरवलं ते त्यांनी. विभागात कॉम्प्युटर आला तेव्हा महिन्याच्या महिन्याला टेप करायचं काम बाईंनी मला न विचारता त्यांच्याकडे दिलं. मी त्यांना एक ओळ लिहून दिली आणि म्हटलं, मामा, एवढं टाइप करायचं, टेप थांबली की काढायची, झालं. त्या ओळीतला पहिला शब्द होता टी-ए-आर. टेपवर फाइलींचं गाठोडं बांधायच्या पद्धतीचं ते नाव. आम्ही त्याला टार म्हणतो. मामांनी अक्षरं जुळवली आणि वाचलं, तर.

"म्याडम, तर क्येलं बगा," ते सांगायचे.

"मामा, टार म्हणा, तर नाही."

"टार," ते म्हणायचे. पुढच्या महिन्यात परत, "तर करून ठिवलंया."

"टार म्हणा, तर नाही." हे माझं पालुपद होऊन बसलं. पुण्याच्या ऑफिसात चहाच्या वेळी मी त्यांची नक्कल करायचे. 'तर क्येलं, पर मग पुढं काय' अशी. लोक हसायचे. मामाही हसायचे, म्हणजे माझ्यासमोर.

तर आता ती तिसरी टेप मी हातात घेतली आणि प्रथमच तिच्यावरचं लेबल वाचलं. निळ्या बॉलपेनने, ठळक, एकेक अक्षर कोरून लिहिलेलं:

भोवरी. ६३१२. तर नाही.

माझे कान गरम झाले.

"बघितलंत, बाई? जाता जाता मला टोमणा मारून गेलेत तुमचे येळवे."

"येळवे? आणि टोमणा?"

"'टार म्हणा, तर नाही' असं मी त्यांना म्हणायचे. तेच लेबलवर लिहून ठेवलंय. आणि टेप ही अशी. रागाच्या भरात काहीतरी भलतंच केलं असणार."

"त्यांना विचारूया."

"फोन आहे का त्यांच्याकडे?"

नव्हता. मामा फलटणच्या पलीकडे माळावरच्या नव्या वसाहतीत राहत होते. आणि असता तरी मी तो करू दिला नसता. टोमणा मारणाऱ्याला मदत मागायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

मी कामाला लागले. विचार अगदी शास्त्रशुद्ध होता. एकतर टेप खराब, नाहीतर टेप वाचणारं यंत्र. यंत्र तपासायचं तर त्यावर काहीतरी लिहून पाहायला हवं. कोरी टेप जवळ नव्हती. पहिल्या दोन टेपांवर निदान पाच हजार आठशे नव्वद नावं होती, त्यांना हात लावणं शक्य नव्हतं. उरली ही.

"पण लिहिलं तर आधीचं पुसेल ना?" बाईंनी विचारलं.

"पुसेल. पहिल्याच फेरीत सगळं जातं. पण आधीचं काही नाहीच आहे, बाई. ही कोरीच समजा."

बाईंनी खुर्ची मागे घेतली. यंत्राच्या बाबतीत त्या माझं ऐकायच्या. आज तेच आठवून घाम फुटतो.

मी आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला. टेपवर लिहायला मनाई आहे. या पुड्यांच्या कोपऱ्यात एक छोटी प्लास्टिकची चकती असायची, तिच्यावर बाण. बाण एका बाजूला फिरवला की टेप सुरक्षित, कुणाला तिच्यावर लिहिता येत नाही. मी टेप बाहेर काढली, पर्समधलं पन्नास पैशांचं नाणं घेतलं आणि चकती फिरवायला गेले. फिरेना. नीट पाहिलं तर चकतीच्या खाचेत काहीतरी पिवळट वाळलेलं होतं.

"डिंक," मी म्हणाले. "मामांनी डिंक भरलाय हिच्यात. आता बोला."

"कशाला?"

"मला काय विचारता? स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

बाईंनी टेबलाच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मी हात पुढे केला, तो त्यांनी त्यावर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडची टेप घेतली. चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेली.

"मृणाल, ते टार का काय, ते नक्की काय असतं गं?"

"गाठोडं बांधायची एक पद्धत. आत्ता कशाला?"

"एक? म्हणजे दुसऱ्याही असतात?"

"असतात की. बाई, द्या ना ती."

बाईंनी टेप दिली नाही. म्हणाल्या, "आत्ता उतरवलेल्यातली एक फाइल उघड. खालचं कडवे, आंब्याचं टेक."

त्यांचा आवाज वर्गातला होता, म्हणून मी मुकाट्याने उघडली. चार ओळी. जागा, सांगणाऱ्याचं नाव, नावाचं कारण. शेवटची ओळ: आंबा नाही.

"पुढचं उघड. तळ्याचं वावर."

शेवटची ओळ: तळं नाही.

"वाघबीळ."

वाघ नाही. साळिंदर.

"ही माझी शिस्त आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी येळव्यांना सांगितली होती. जागांचं असं असतं, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नावावरून माणूस फसतो. आंब्याचं टेक म्हटलं की पुढचा येणारा आंबा शोधत बसणार. म्हणून जिथे फसगत होईल तिथे, नाही ते आधी लिहायचं. त्यांनी आठ वर्षं माझ्यासाठी असं लिहिलंय. टोमणा एकदाही मारला नाही."

मी लेबलकडे पाहिलं. भोवरी. ६३१२. तर नाही.

जागेचं नाव. संख्या. आणि शेवटी, नाही ते.

स्क्रू ड्रायव्हर मी टेबलावर ठेवला.

"टार नाही," मी म्हणाले. "ही टेप टारने बांधलेली नाही, असं लिहिलंय."

"मग कशाने बांधलीय?"

"ते नाही लिहिलं."

"नाही ते लिहिणाऱ्याने लिहायचं," बाई म्हणाल्या. "आहे ते बघणाऱ्याने बघायचं."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो त्या दिवशी दोन शब्दांचा पडला होता आणि तरी मी शहाणी ठरत नव्हते. कारण टार ही आज्ञा फक्त टारचीच गाठ सोडू शकते. दुसरी गाठ दिसली की ती म्हणते बेरीज जुळत नाही, आणि माझ्यासारखं कुणी म्हणतं टेप खराब. गाठोड्याच्या तोंडाशी काय आहे ते नुसतं डोळ्यांनी पाहावं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. आता पाहिलं. टेपचा पहिला तुकडा जसाच्या तसा पडद्यावर आणला. सुरुवातीलाच सहा आकडे होते.

शून्य सात शून्य सात शून्य सात.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"सीपीआयओ," मी म्हणाले. "दुसरी गाठ. हे सहा आकडे म्हणजे तिची खूण. प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं आम्हाला."

"मग येळव्यांना कुणी शिकवलं?"

मला माहीत नव्हतं. मी नाही, एवढं नक्की.

योग्य आज्ञा दिली आणि टेप चालू लागली. या वेळी थांबली नाही. पडद्यावरून नावं खालून वर सरकायला लागली. बाई उभ्या राहिल्या आणि ओठांतल्या ओठांत वाचत राहिल्या. गावं गेली, खालच्या वाड्या गेल्या, आणि मग कोंडवाडी आली, धनगरमाथा आला, चिवेवाडी आली. चिवेवाडीपाशी बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला, आणि मग चष्म्याचं निमित्त सोडून सरळ डोळे पुसले. मी पडद्याकडे बघत बसले.

मोजलं. सहा हजार तीनशे बारा.

मग मी ते केलं, जे खरं तर वर्षभरापूर्वी करायला हवं होतं. गायब झालेल्यांपैकी एका फाइलचा पूर्ण पत्ता अक्षरं मोजून पाहिला. बाईंची रचना अशी होती, की खोऱ्याच्या आत काठ, काठाच्या आत गाव, गावाच्या आत वाडी, वाडीच्या आत शिवार, शिवाराच्या आत वावर. नावं सगळी पूर्ण, बाईंना तोडलेली नावं खपत नसत. त्यामुळे जितकं आत जावं तितका पत्ता लांब. येळवेवाडीतल्या एका पाणवठ्याचा पत्ता भरला एकशे तेरा अक्षरं. आणि आमच्या त्या जुन्या टारच्या गाठोड्यात पत्त्यासाठी जागा असते शंभर अक्षरांची. त्याहून लांब पत्ता आला की टार ती फाइल सोडून पुढे जातं. तसं सांगतं बिचारं, पडद्यावर एक ओळ लिहून. पण मामांना पडद्यावर भरभर इंग्रजी आलं की गोंधळायला होईल, म्हणून मी त्यांना लिहून दिलेल्या आज्ञेतच त्या ओळी परस्पर गिळून टाकायची सोय करून ठेवली होती. माझी स्वच्छ, सुटसुटीत आज्ञा. जो सगळ्यांत दूर राहतो त्याला ती दर महिन्याला गाळत होती.

आणि तेव्हा मला एप्रिलचा गुरुवार आठवला.

मी निघायच्या घाईत होते, साडेचारची गाडी होती. मामा जिन्यापाशी उभे होते, हातात बाईंची नोंदवही, तिच्यात बोट घातलेलं. "म्याडम," ते म्हणाले होते, "तर वरच्या वाड्या घेत न्हाई."

मी जिना उतरता उतरता हसून म्हटलं होतं, "मामा, टार म्हणा, तर नाही."

"बरं," ते म्हणाले होते.

मी शब्द ऐकला होता. वाक्य ऐकलंच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी सुट्टी काढली आणि बाईंबरोबर मामांच्या वसाहतीत गेले. माळावर रेषेत आखलेली एकसारखी घरं, दारांवर सरकारी रंगात नंबर. मामांच्या दारावर नंबराखाली खडूने 'येळवेवाडी' लिहिलेलं होतं. मामा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. आम्हाला बघून उठले, धोतराला हात पुसले, आतून दोन खुर्च्या आणल्या आणि स्वतः पायरीवर बसले.

मी छापील कागदांचा गठ्ठा पुढे केला. येळवेवाडीचा.

त्यांनी वाचायला सुरुवात केली, पूर्वी कॉम्प्युटरवर वाचायचे तसंच, अक्षरावर बोट ठेवून. एका पानावर थांबले आणि हसायला लागले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

त्यांनी पान बाईंकडे दिलं. बाईंनी मोठ्याने वाचलं. "शिरपाचं डबकं. सांगणार, श्रीपती येळवे. नाव का पडलं, लहानपणी सांगणारा यात पडला होता. डबकं नाही. पुरुषभर पाणी."

"पुरुषभर व्हतं, बाईसाहेब," मामा म्हणाले. "लोकं उगंच डबकं म्हनायची. मरता मरता वाचलो व्हतो त्यात."

"आता किती असेल?" मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, नको होतं.

मामांनी हिशोब केला. "आता डोईवर चाळीस फूट सहज असंल." आणि परत हसले. "आता कुनी डबकं म्हनणार न्हाई."

घरातून चहा आला. मी कप हातात धरून बसले. काय म्हणायचं ते एस.टी.त घोकून आले होते, त्यातलं काहीच आठवेना.

"मामा, ते सीपीआयओ तुम्हाला कुणी शिकवलं?"

"फिजिक्सच्या देशमाने सरांनी. त्येंना म्हनलं, माझी वाडी गळती, येखादं दुसरं काय हाय का. त्येंनी दिलं लिहून. दोन दिस बसलो, सगळी नावं वहीसंगं ताडली, मग लेबल लावलं."

"मला परत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं व्हतं की. येप्रिलात." त्यात राग नव्हता. त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे माझ्यापुढे केले. "आन् तुमी परत तेच म्हनाला असतासा, टार म्हना."

आता 'टार' अगदी बरोबर म्हटला होता त्यांनी. टाळूला जीभ लावून.

"चुकलं माझं, मामा," मी म्हणाले. "तर चुकीचं नव्हतंच. मीच नीट ऐकलं नाही."

"असू द्या. लेबल तर वाचलंसा न्हवं?"

"वाचलं."

"लगीच कळलं?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई चहा पीत होत्या आणि मदतीला येण्याचं काही लक्षण नव्हतं.

"लगेच नाही. ती टेप पुसायला निघाले होते मी. चकती फिरवायला स्क्रू ड्रायव्हर घेतला होता हातात."

मामांनी मान डोलावली. दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"तुमचा हात लई चपळ हाय, म्याडम," ते म्हणाले. "म्हनून तर डिंक लावला."